ग्रीक आणि रोमन अमलाखालचा इजिप्त: ती संस्कृती कधी आणि कशानं संपली?

प्रश्न असा आहे: "अलेक्झांडर आला तेव्हाच प्राचीन इजिप्त संपला ना? क्लिओपात्रा तर ग्रीकच होती. मग टॉलेमी आणि रोमन काळ इजिप्तचा इतिहास म्हणून का शिकायचा? आणि ती संस्कृती शेवटी मेली, तर तिला मारलं कोणी?"

या काळातले ग्रीक आणि डेमोटिक (रोजच्या व्यवहाराची इजिप्शियन लिपी) पपायरस, म्हणजे लव्हाळ्याच्या कागदावरचे लेख, वाचणं हेच माझं काम, त्यामुळे उत्तर लांबणार आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो. अलेक्झांडरनं इजिप्तची संस्कृती संपवली नाही. टॉलेमी म्हणजे अलेक्झांडरनंतर इजिप्तवर राज्य करणारं ग्रीक राजघराणं; त्यांच्या तीनशे वर्षांत तर ती चांगली भरभराटीत होती. तिचा श्वास कोंडला तो रोमन कारभारात. कोणी देवळं फोडली म्हणून हे झालं नाही. देवळांच्या जमिनी सरकारजमा झाल्या आणि इजिप्शियन लिपीतल्या कागदाला कचेरीत किंमत उरली नाही, म्हणून झालं. ख्रिस्ती धर्माचा जोर वाढला तोवर बरीचशी देवळं आतून रिकामी झालेली होती.

"अलेक्झांडर आला आणि इजिप्त संपला" हा समज कुठून आला, ते आधी पाहू. शाळेत आपण इजिप्तचे राजे ३० राजवंशांत विभागून शिकतो. ही विभागणी मानेथो नावाच्या इजिप्शियन पुरोहिताची. तो सेबेन्नितोसचा. त्यानं हा इतिहास ग्रीक भाषेत लिहिला आणि तोही पहिल्या टॉलेमींच्या काळात. त्याची यादी स्वाभाविकच त्याच्या मालकांच्या आधी थांबते. म्हणजे ज्या यादीवरून आपण "इथे इजिप्त संपला" असं म्हणतो, ती यादीच मुळी ग्रीक अमलाखाली एका जिवंत इजिप्शियन देवळातल्या माणसानं तयार केलेली आहे. शिवाय त्या यादीतला शेवटचा देशी फॅरो दुसरा नेक्टानेबो याला हरवलं ते पर्शियनांनी, इ.स.पू. ३४३च्या सुमारास. अलेक्झांडर इ.स.पू. ३३२मध्ये आला तेव्हा देश परक्यांच्याच हाती होता.

आता देवळांबद्दल. नाईलच्या काठानं जाणारा प्रवासी जी शाबूत, छतासकटची देवळं पाहतो, त्यांतली बहुतेक या "संपलेल्या" काळातली आहेत. एडफूचं होरसचं देऊळ इ.स.पू. २३७मध्ये तिसऱ्या टॉलेमीनं सुरू केलं आणि त्याचे दरवाजे बसले ते इ.स.पू. ५७मध्ये. पूर्ण १८० वर्षं काम चाललं. डेंडेराच्या हाथोरच्या मंदिराचा पाया इ.स.पू. ५४मध्ये घातला गेला. कोम ओम्बो, फिले, एस्ना ही सगळी देवळं याच दोन अमलांतली. भिंतींवर मजकूर कोरणारे पुरोहितही केवळ जुनं उतरवून काढत नव्हते. या काळात चित्रलिपीतल्या चिन्हांची संख्या हजारांत गेली. एकेका चिन्हात दोन-दोन अर्थ गुंफलेले, देवाच्या नावातच त्याची कथा सांगणारी जुळणी. एस्नाच्या छताची आणि खांबांची अलीकडे सफाई झाली, तेव्हा काजळीखालून निघालेले रंग पाहून या विषयातली मुरलेली माणसंही हरखून गेली. मरणाला टेकलेली संस्कृती असं काम करत नाही.

टॉलेमींनी हे का होऊ दिलं? ते उदार होते म्हणून नाही. त्यांना पुरोहितांची गरज होती. अलेक्झांड्रियातला राजा ग्रीकांसाठी बासिलियस (ग्रीकमध्ये राजा) होता, पण खेड्यापाड्यांतल्या बहुसंख्य लोकांसाठी त्याला फॅरो असणं भाग होतं, आणि फॅरो ठरवण्याचा अधिकार देवळांकडे होता. हा व्यवहार कसा चाले ते पुरोहितसभांच्या ठरावांत दिसतं. इ.स.पू. २३८चा कॅनोपसचा ठराव पाहा. राजानं पर्शियातून देवमूर्ती परत आणल्या, पूर कमी आला त्या वर्षी बाहेरून धान्य आणलं, म्हणून पुरोहित त्याला मान देतात. त्याच ठरावात दर चार वर्षांनी एक दिवस वाढवायचं ठरतं. तेव्हा कोणी ते मनावर घेतलं नाही, पण पुढे पहिला रोमन सम्राट ऑगस्टस याच्या काळात तीच दुरुस्ती इजिप्तच्या पंचांगात आली.

रोझेटा शिळेबद्दल बहुतेकांना एवढंच माहीत असतं, की तिच्यावरून शांपोलियोंनं १८२२मध्ये चित्रलिपी उलगडली. तिच्यावर लिहिलंय काय, हे फार थोडे जण वाचतात. तो इ.स.पू. १९६चा, मेम्फिस या जुन्या राजधानीतला ठराव आहे. पाचवा टॉलेमी तेव्हा तेरा-चौदा वर्षांचा पोर होता आणि दक्षिणेत बंड पेटलेलं होतं. त्या परिस्थितीत पुरोहितांनी काय काय पदरात पाडून घेतलं ते पाहा: देवळांच्या थकबाक्या माफ, कापडाच्या सरकारी वसुलीत सूट आणि दरवर्षी हजेरी लावायला अलेक्झांड्रियापर्यंत होडीनं जायची सक्ती रद्द. आधी राजधानी पुरोहितांना बोलावत होती, आता राजाच मेम्फिसला येऊन राज्याभिषेक करून घेतो. शिळा वाचताना ही सौदेबाजी डोळ्यांपुढे उभी राहते.

बंडाबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण "इजिप्शियनांनी मुकाट्यानं ग्रीकांचं राज्य मानलं" असंही कोणी समजू नये. इ.स.पू. २१७मध्ये राफियाच्या लढाईत चौथ्या टॉलेमीनं सिरियाचा राजा अँटायोकस याला हरवलं, आणि त्या लढाईत पहिल्यांदाच २०,००० इजिप्शियनांना मॅसिडोनियन पद्धतीनं शस्त्रं देऊन फळीत उभं केलं होतं. पॉलिबियस हा ग्रीक इतिहासकार म्हणतो, की त्या विजयानंतर या लोकांना स्वतःची ताकद कळली. दहा-बारा वर्षांतच थीब्जच्या प्रदेशात हरोन्नोफ्रिस आणि त्याच्यानंतर खाओन्नोफ्रिस असे दोन देशी फॅरो उभे राहिले. जवळजवळ वीस वर्षं दक्षिणेचा मोठा भाग अलेक्झांड्रियाच्या हाताबाहेर होता. इ.स.पू. १८६मध्ये बंड मोडलं. एडफूच्या भिंतीवर देवळाच्या बांधकामाचा इतिहास कोरलाय, त्यात या बंडामुळे काम थांबल्याची नोंद आहे. आणि अबायडोसला एका भिंतीवर हरोन्नोफ्रिसचं नाव कोणीतरी ओरबाडून लिहिलंय. भाषा इजिप्शियन, अक्षरं ग्रीक. परक्या राजाविरुद्ध उठलेल्या फॅरोचं नाव परक्यांच्या लिपीत! पुढे याच वाटेनं कॉप्टिक, म्हणजे ग्रीक अक्षरांत इजिप्शियन भाषा लिहिणारी लिपी आली, म्हणून ही नोंद लक्षात ठेवा.

"क्लिओपात्रा ग्रीक होती" या वाक्यात ग्रीक म्हणजे कोण, हे आपण गृहीत धरतो. टॉलेमींच्या इजिप्तमध्ये हा रक्ताचा प्रश्न फारसा नव्हताच. इ.स.पू. तिसऱ्या शतकात डोईमागे मिठाचा कर होता, शिवाय ओबोलचा (ओबोल हे छोटं ग्रीक नाणं) एक जास्तीचा कर. "हेलेन", म्हणजे ग्रीक, म्हणून नोंद असलेल्याला हा दुसरा कर माफ. ग्रीक शिकवणारे शिक्षक, व्यायामशाळेचे उस्ताद, नाटकवाले यांना मिठाचा करही माफ. सरकारी नोकरी धरून या नोंदीत शिरलेल्यांत इजिप्शियन नावांची माणसंही सापडतात. रक्कम किरकोळ होती, पण मान मोठा होता.

म्हणून काही सगळं गोडीगुलाबीनं चालत होतं असं नाही. इ.स.पू. तिसऱ्या शतकात फायूम या नाईलच्या पश्चिमेच्या सुपीक प्रदेशात फिलाडेल्फिया गावी झेनॉन नावाचा एक कारभारी होता. दुसऱ्या टॉलेमीचा अर्थमंत्री अपोलोनियस याची मोठी जहागीर तो पाहायचा. त्याच्या दफ्तरातले दोन हजारांच्या आसपास कागद आपल्या हाती आले आहेत. त्यांत उंटांची देखभाल करणाऱ्या एका माणसाची तक्रार आहे. तो म्हणतो, मला पगार देत नाहीत, पगाराच्या जागी आंबट दारू देतात, मला तुच्छ लेखतात, कारण मी परका आहे आणि मला ग्रीकासारखं वागता येत नाही. शंभरेक वर्षांनी मेम्फिसच्या सेरापेउममध्ये, म्हणजे सेरापिस देवाच्या मंदिरात, नेमकी उलट तक्रार सापडते. टॉलेमाइओस नावाचा मॅसिडोनियन वंशाचा माणूस देवाच्या आश्रयाला येऊन मंदिराच्या आवारात वर्षानुवर्षं राहत होता. त्याचे अर्जावर अर्ज आहेत: देवळातल्या झाडूवाल्यांनी आणि भटारखान्यातल्यांनी मला मारलं, का तर मी ग्रीक आहे. आणि हाच माणूस थाउएस आणि ताउस या दोन इजिप्शियन जुळ्या बहिणींसाठी अर्ज लिहितो. इ.स.पू. १६४मध्ये मेम्फिसचा पवित्र आपिस बैल मेला तेव्हा त्याच्या सुतकाचा विधी करायला या दोघींना नेमलं होतं आणि त्यांचा तेला-भाकरीचा शिधा कोणीतरी मधल्या मध्ये खात होतं. मार खाणाराही तोच आणि वकिली करणाराही तोच. या समाजाचं चित्र एका वाक्यात मांडणाऱ्यांवर माझा विश्वास बसत नाही, तो अशा कागदांमुळेच.

मला सगळ्यात बोलकं वाटतं ते दक्षिणेतल्या पाथिरिस गावच्या ड्रायटनचं घर. ड्रायटन घोडदळातला अधिकारी, टॉलेमाइस या ग्रीक शहराचा नागरिक. इ.स.पू. १५०च्या सुमारास त्यानं दुसरं लग्न केलं. बायकोचं नाव अपोलोनिया, दुसरं नाव सेन्मोन्थिस. पहिलं नाव ग्रीक, दुसरं इजिप्शियन. त्यांना पाच मुली झाल्या आणि मुलींनाही अशीच दोन-दोन नावं. ड्रायटनची मृत्युपत्रं ग्रीकमध्ये आहेत. मुलींच्या घटस्फोटाचे कागद डेमोटिकमध्ये. अपोलोनिया स्वतः धान्य आणि पैसे उसने द्यायची, त्याचे करार दोन्ही भाषांत आहेत. यामागे हिशेब होता. ग्रीक कायद्याप्रमाणे बाईला करार करायचा तर नवरा, बाप किंवा भाऊ असा पुरुष पालक सोबत लागे. इजिप्शियन कायद्यात तसं काही नव्हतं. ती स्वतःच्या नावानं मालमत्ता घेई, विके, कर्ज देई, नवऱ्याला सोडी. ग्रीक अधिकाऱ्याच्या बायकोलाही देशी कायदा सोयीचा वाटत असेल तर त्या कायद्याला "हरलेल्यांचा कायदा" कसं म्हणायचं?

आणि ही मुभा राजमान्य होती. इ.स.पू. ११८चा आठव्या टॉलेमीचा हुकूम आहे: दोन समाजांतल्या माणसांचा वाद असेल तर करार कोणत्या भाषेत लिहिलाय ते पाहायचं. ग्रीक करार असेल तर खटला ग्रीक न्यायाधीशांपुढे, इजिप्शियन करार असेल तर देशी न्यायाधीशांपुढे. माणसाची जात नव्हे, कागदाची भाषा न्यायालय ठरवणार. ग्रीक नोंदणी कचेरीचा शिक्का डेमोटिक कागदाला तेव्हाही लागायला लागला होता, पण करार आणि न्यायालय ही दोन्ही दारं इजिप्शियनसाठी उघडी होती. पुढे रोमन काळात नेमकी हीच दारं बंद झाली.

हा हुकूम आपल्याला कसा सापडला, ते सांगायलाच हवं. १८९९-१९००च्या हिवाळ्यात ग्रेनफेल आणि हंट हे दोघे इंग्रज फायूममधल्या तेब्तुनिसला खणत होते. माणसांच्या ममी शोधत असताना मगरींच्याच ममी निघत राहिल्या. वैतागलेल्या एका मजुरानं एक मगर फोडली, तर ती जुन्या कागदांत गुंडाळलेली निघाली. ते कागद होते केर्केओसिरिस गावचा लेखनिक मेन्खेस याच्या दफ्तरातले: कोणती जमीन पेरली, कोणती खारपड झाली, कोणाकडे किती गहू येणं आहे. मेन्खेसलाही अस्क्लेपियादेस हे ग्रीक नाव होतं. सोबेक या मगर-देवाच्या सेवेतल्या लोकांनी देवाचं कलेवर गुंडाळायला सरकारी रद्दी वापरली, म्हणून आज आपण हे बोलू शकतो. अलेक्झांड्रियाच्या दमट हवेत तिथले बहुतेक सगळे कागद कुजून गेले. आपल्याला माहीत असलेला इजिप्त हा कोरड्या वाळूतल्या खेड्यांचा इजिप्त आहे, आणि या विषयावर कोणी छातीठोक विधान केलं की ही मर्यादा आठवावी.

क्लिओपात्राबद्दल फार लिहीत नाही, तिच्यावर भरपूर लिहिलं गेलंय. प्लूटार्क हा ग्रीक लेखक सांगतो, की तिच्या घराण्यात इजिप्शियन भाषा शिकणारी ती पहिलीच. डेंडेराच्या मागच्या भिंतीवर ती मुलगा सिझेरियनसोबत देवांना नैवेद्य दाखवताना कोरलेली आहे. इ.स.पू. ३०च्या १ ऑगस्टला रोमच्या ऑक्टेव्हियननं, म्हणजे पुढच्या ऑगस्टसनं, अलेक्झांड्रिया घेतलं, आणि तिथून खरा फरक सुरू झाला.

ऑक्टेव्हियन अलेक्झांडरचं शव पाहायला गेला. टॉलेमींची थडगी पाहता का, असं विचारल्यावर म्हणाला, मला राजा पाहायचा होता, प्रेतं नव्हेत. आपिस बैलाच्या दर्शनालाही तो गेला नाही. देवांना नमस्कार करायची मला सवय आहे, गुरांना नाही, असं म्हणाल्याचं सांगतात. तरीही कलाब्शाला, डेंडूरला, फिलेला भिंतींवर हाच माणूस फॅरोचा मुकुट घालून देवांपुढे उभा आहे. डेंडूरचं ते छोटं देऊळ आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. म्हणजे फॅरोची जागा कायम होती, पण फॅरो आता रोममध्ये राहत होता आणि त्याला पुरोहितांच्या पाठिंब्याची गरज नव्हती. त्याला गहू हवा होता. प्रांत इतका मोलाचा, की परवानगीशिवाय सेनेटरला तिथे पाऊल टाकायची बंदी. कारभार पाहायला खालच्या, अश्वारोही वर्गातला प्रीफेक्ट, म्हणजे राज्यपाल.

मग डोईपट्टी आली. फायूममध्ये गावातल्या पुरुषाला वर्षाला ४० द्राख्मे (ग्रीक नाणं), जिल्ह्याच्या मुख्य गावातल्या नोंदणीकृत कुटुंबांना २०. रोमन नागरिकांना आणि अलेक्झांड्रिया, नौक्रातिस, टॉलेमाइस या ग्रीक शहरांच्या नागरिकांना माफी. इ.स. १३०मध्ये सम्राट हेड्रियननं वसवलेलं अँटिनोपोलिस नंतर यात आलं. बाकी सगळे कायद्याच्या लेखी "इजिप्शियन". ड्रायटनसारख्यांचे खेड्यात राहिलेले वंशज, दीडशे वर्षं ग्रीक म्हणवणारे, एका नोंदवहीत इजिप्शियन झाले. टॉलेमींच्या काळात माणूस या वर्गातून त्या वर्गात सरकू शके. रोमननी मध्ये भिंत बांधली. प्लिनी धाकटा या रोमन लेखकाच्या पत्रांत याचा नमुना आहे. त्याला आजारातून उठवणारा मालिशवैद्य हार्पोक्रास, याला रोमन नागरिकत्व द्यावं म्हणून त्यानं सम्राट ट्राजानकडे शब्द टाकला. ते मिळालंही. मग जाणकारांनी सांगितलं, की हा इजिप्शियन आहे, याला आधी अलेक्झांड्रियाचं नागरिकत्व लागतं. प्लिनीला पुन्हा पत्र लिहावं लागलं. त्यानं हार्पोक्रासला साधा परदेशी समजण्याची चूक केली होती. साम्राज्यातल्या बाकी कुठल्याही परदेशी माणसाला ही अट नव्हती.

देवळांच्या जमिनी सरकारच्या ताब्यात गेल्या, आणि पुरोहितांना ठरावीक वर्षासन किंवा थोडी जमीन खंडानं घ्यायची सोय उरली. डोईपट्टीची माफी प्रत्येक देवळात ठरावीक संख्येच्याच पुरोहितांना. पुरोहिताच्या मुलाची सुंता करायची तर अलेक्झांड्रियातल्या रोमन अधिकाऱ्याची परवानगी, आणि त्याआधी मुलाच्या अंगावर व्यंग नाही याची तपासणी. या अधिकाऱ्याला "अलेक्झांड्रिया आणि सर्व इजिप्तचा महापुरोहित" अशी पदवी होती, पण हा माणूस पूजा करत नव्हता, हिशेब तपासत होता. दुसऱ्या शतकातली एक सरकारी नियमावली बर्लिनच्या पपायरसवर वाचायला मिळते. पुरोहितानं केस वाढवू नयेत, लोकरीचे कपडे घालू नयेत, असे नियम तिथे दंडासकट आहेत. हे नियम मुळात देवळांचेच, शुद्धतेचे. रोमननी ते जसेच्या तसे ठेवले आणि त्यांतून वसुली सुरू केली. परंपरेला हात न लावता तिच्या मानेवर पाय ठेवायची ही पद्धत मला उघड विध्वंसापेक्षा जास्त घातक वाटते.

लिपीचंही तसंच. रोमन अमलात देशी न्यायालयं उरली नाहीत. डेमोटिक कराराला ग्रीक सारांश आणि ग्रीक सह्यांशिवाय अर्थ राहिला नाही, आणि मग लोकांनी डेमोटिक भाग लिहून घेणंच सोडलं. इ.स.च्या पहिल्या शतकाच्या उत्तरार्धात असे करार दुर्मीळ होतात. आपल्याकडे मोडीचं जे झालं तेच इथे झालं. कचेरीतून गेली आणि दोन-तीन पिढ्यांत ती वाचणारा माणूस शोधत फिरायची वेळ आली. फरक एवढाच, की मराठी लिहायला बालबोध होतीच. इजिप्शियन बोलणाऱ्या शेतकऱ्याकडे आपली भाषा लिहायचं साधनच उरलं नाही. कर्ज, भाडेपट्टा, बहिणीला पत्र, सगळं परक्या भाषेत, बाजारातल्या लेखनिकाकडून. दीडशे-दोनशे वर्षं लाखो ओठांवर असलेली भाषा रोजच्या कागदावर जवळजवळ दिसत नाही. ऑक्सिरिंकस शहराच्या उकिरड्यांतून ग्रेनफेल आणि हंट यांनी १८९६पासून पपायरसचे जे लाखो तुकडे काढले, त्यांत ग्रीकचंच राज्य आहे. ते वाचून "शहर ग्रीक झालं" असा निष्कर्ष काढणाऱ्यांना एवढंच सांगतो, की याच शहराच्या नावातला टोकदार तोंडाचा मासा तिथे पवित्र होता. शेजारच्या किनोपोलिसच्या लोकांनी तो खाल्ला म्हणून इथल्यांनी त्यांचे पवित्र कुत्रे मारून खाल्ले आणि दोन गावांत हाणामारी झाली, असं प्लूटार्कनं लिहून ठेवलंय. ते इ.स.च्या पहिल्या-दुसऱ्या शतकातलं आहे.

देवळांच्या आत मात्र दिवा तेवत होता. तेब्तुनिसला सोबेकच्या देवळाच्या आवारात एक ग्रंथसंग्रह सापडला, इ.स.च्या पहिल्या-दुसऱ्या शतकातला. इजिप्शियन देवळातला एवढा मोठा संग्रह दुसरा हाती आलेला नाही. पूजाविधी, औषधं, ज्योतिष, स्वप्नफळं, आणि इनारोस या वीराच्या लांबलचक कथा. खेमवासेत राजपुत्राच्या जादूच्या कथांपैकी एक तर सरकारी ग्रीक जमीन-नोंदीच्या पाठकोऱ्या बाजूवर उतरवलेली आहे. नवा कागद घ्यायला पैसे नव्हते, पण कथा उतरवून ठेवायची जिद्द होती. तेब्तुनिसची पानं कोपनहेगन, फ्लॉरेन्स, बर्कली अशी विखुरली आणि बरीच अजून प्रसिद्ध व्हायची आहेत. इजिप्शियन साहित्याचा मोठा वाटा आपल्याला रोमन काळातल्या प्रतींतून मिळतो, हे लोकांना कळावं असं मला फार वाटतं.

फायूमची ममी-चित्रं पाहिली असतील. मोठाले डोळे, रोमन केशरचना, लाकडी फळीवर मेणातले रंग. १८८८मध्ये पेट्री या उत्खननकारानं फायूममधल्या हवाराला काढलेली आर्टेमिडोरसची ममी लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. नाव ग्रीक, चेहऱ्याचं चित्र रोमन धाटणीचं, निरोपाचे शब्द ग्रीक आणि तेही चुकीच्या स्पेलिंगसह. पण खाली लाल आवरणावर सोनेरी चित्रांत ममी करणारा देव अनुबिस त्याच्या देहाची उत्तरक्रिया करतोय आणि मृतांचा देव ओसिरिस उठतोय. जिवंतपणी तो कोणत्या नोंदीत होता कुणास ठाऊक, पण मेल्यावर कुठे जायचं आणि कसं, याबद्दल त्याच्या घरच्यांच्या मनात काही शंका नव्हती.

इथे महाराष्ट्राशी खराखुरा धागा आहे, म्हणून सांगतो. पहिल्या शतकाच्या मध्यावर तांबड्या समुद्रातून भारताकडे येणाऱ्या एका व्यापाऱ्यानं "पेरिप्लस", म्हणजे समुद्रमार्गाची माहिती देणारं पुस्तक, लिहिलं. त्यात पैठण, तेर, सोपारा, कल्याण आहेत. कल्याणला ग्रीक गलबत गेलं तर पहारा देऊन भडोचला नेतात, अशी तक्रारही आहे. हा माणूस ग्रीक लिहितो, पण "आमच्या इजिप्तमधली झाडं" असं सहज म्हणून जातो आणि कधी निघायचं ते सांगताना रोमन महिन्यासोबत इजिप्शियन महिना देतो: जुलै, म्हणजे एपेइफ. तो ज्या बेरेनिके बंदरातून निघत असेल तिथे सेरापिसच्या देवळाच्या आवारात साडेसात किलो काळी मिरी भरलेला भारतीय रांजण सापडला, आणि अलीकडच्या उत्खननात इसिसच्या देवळापाशी बुद्धमूर्ती आणि सातवाहनांची दोन नाणी. त्या काळातली इजिप्शियन देवळं परक्या माणसांना किती मोकळी होती, ते यावरून कळतं.

मग शेवट कधी? देवळांचं बांधकाम आधी थांबलं. एस्नाच्या भिंतीवर सम्राट डेशियस (इ.स. २४९-२५१) याचं नाव फॅरोच्या चौकटीत कोरलंय. त्यानंतर अशा प्रकारचं मोठं काम जवळजवळ दिसत नाही. तिसऱ्या शतकात रोमन नाण्याची किंमत कोसळली, वर्षासनं नाममात्र झाली, आणि जमिनी तर अडीच शतकांपूर्वीच गेल्या होत्या. ३००च्या सुमारास लक्सरच्या देवळात रोमन फौजेची छावणी पडली आणि आतल्या एका दालनाच्या फॅरोकालीन कोरीवकामावर गिलावा करून त्यावर चार सम्राट रंगवले गेले. हे ख्रिस्ती सम्राटांनी केलेलं नाही. त्या चौघांतला मुख्य सम्राट डायोक्लेशियन जुन्या देवांना मानणारा, ख्रिस्त्यांचा छळ करणारा. अलेक्झांड्रियाचं सेरापेउम ख्रिस्ती जमावानं पाडलं ते ३९१च्या सुमारास, म्हणजे यानंतर नव्वद वर्षांनी. ते पाडणं क्रूर होतं आणि त्यानं पुष्कळ नासधूस केली, यात वाद नाही. पण तेवढ्यावरून "ख्रिस्त्यांनी इजिप्त संपवला" म्हणणं मला पटत नाही.

फिलेचं इसिस देवीचं देऊळ का टिकलं, याचं उत्तरही पैशात आणि राजकारणातच आहे. डायोक्लेशियननं २९८मध्ये सरहद्द आस्वानजवळच्या नाईलच्या पहिल्या धबधब्यापर्यंत मागे आणली. फिले अगदी सीमेवर आलं. पलीकडच्या ब्लेमी आणि नुबियन टोळ्या इसिसच्या भक्त, देणग्या घेऊन येणाऱ्या, आणि रोमला त्यांच्याशी शांतता हवी होती. पाचव्या शतकाच्या मध्यावर झालेल्या तहात त्यांना इसिसची मूर्ती काही काळ आपल्या देशी नेऊन परत आणायची मुभा होती. म्हणून चित्रलिपीतला शेवटचा लेख तिथला, २४ ऑगस्ट ३९४चा, आणि शेवटचा डेमोटिक लेखही तिथलाच, ४५२चा. इ.स. ५३५-५३७च्या दरम्यान ख्रिस्ती सम्राट जस्टिनियनच्या हुकमानं देऊळ बंद झालं.

आणि भाषा? तिला लिपी दिली ती ख्रिस्ती लोकांनीच. ग्रीक अक्षरं, शिवाय ग्रीकमध्ये नसलेल्या उच्चारांसाठी डेमोटिकमधून घेतलेली सहा-सात चिन्हं, म्हणजे कॉप्टिक. चौथ्या शतकापासून शेतकरी, भिक्षू, बाया पुन्हा स्वतःच्या भाषेत पत्रं लिहू लागल्या. कॉप्टिक चर्चच्या प्रार्थनेत ती भाषा आजही आहे. त्या चर्चच्या पंचांगात वर्ष तूतनं, म्हणजे थोथ देवाच्या महिन्यानं सुरू होतं. पुढे हातूर येतो, तो हाथोरचा. कॅनोपसला ठरलेला चार वर्षांनी एक जास्तीचा दिवस तिथे अजून पाळतात, आणि वर्षांची मोजणी सुरू होते इ.स. २८४पासून, डायोक्लेशियनच्या राज्यारोहणापासून. इजिप्तमधले शेतकरी पेरणी-कापणीच्या म्हणींत हेच महिने वापरतात, त्यांत मुसलमान शेतकरीही आले.